'हंटरवाली'चं जग उभं करणारा एमए, एलएलबी माणूस : जेबीएच वाडिया आणि बी-ग्रेड सिनेमाची गोष्ट

मुंबईत परळला राजकमल स्टुडिओ आहे. व्ही. शांताराम म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर 'दो आँखें बारह हाथ' येतो, 'नवरंग' येतो, 'पिंजरा' येतो आणि त्यासोबत राजकमलचं नाव येतंच. पण शांतारामबापूंनी १९४२ मध्ये ही जागा घेतली त्याआधी तिथं काय चालायचं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

तिथं एक सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची बाई चाबूक घेऊन गुंडांना बदडायची. शेजारी घोडा उभा असायचा, कुत्रा असायचा, आणि एक खटारा ऑस्टिन गाडी असायची. या घोड्याला, कुत्र्याला आणि गाडीलाही नावं होती. घोडा 'पंजाब का बेटा', कुत्रा 'गनबोट' आणि गाडी 'रोल्स रॉइस की बेटी'. पोस्टरवर त्यांचाही थाट असायचा.

ती बाई म्हणजे फिअरलेस नादिया. २०१७ मध्ये विशाल भारद्वाजचा 'रंगून' आला तेव्हा कंगना रणौतच्या भूमिकेमुळे नादियाचं नाव पुन्हा चर्चेत आलं. वाडिया मूव्हिटोननं तेव्हा कोर्टात धावही घेतली होती. नादियावर आजवर भरपूर लिहिलं गेलंय. पण तिच्या हातात चाबूक देणारा, तिची दुनिया कागदावर उतरवणारा आणि त्यासाठी पैसे उभे करणारा माणूस मात्र मागेच राहिला.

त्याचं नाव जमशेद बोमन होमी वाडिया, म्हणजेच जेबीएच वाडिया.

जहाजं बांधणाऱ्यांच्या घरातला पोरगा

वाडिया हे सुरतेहून मुंबईत आलेलं पारशी घराणं. अठराव्या शतकात लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या गोदीत जहाजं बांधायला सुरुवात केली. पुढच्या पिढ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ मधलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर उभं आहे. वाडिया मूव्हिटोनच्या चित्रपटांच्या सुरुवातीला बोधचिन्ह म्हणून जहाज दिसायचं, ते यामुळेच.

अशा घरात १९०१ मध्ये जमशेदचा जन्म झाला. पोरगा अभ्यासात हुशार. इंग्रजी साहित्यात एमए केलं, वर कायद्याची पदवी घेतली. घरच्यांना वाटलं, आता हा वकील होणार किंवा एखाद्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर जाणार. यानं जाहीर केलं की मी सिनेमात जाणार.

हा काळ १९२० च्या दशकातला आहे, हे लक्षात घ्या. सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं, असा तो जमाना होता. पण जमशेदला डग्लस फेअरबँक्सनं वेड लावलं होतं. भिंतीवरून उड्या मारणारा, तलवार फिरवणारा, तोंडावर मुखवटा बांधून गरिबांसाठी लढणारा हॉलिवूडचा हिरो. १९२८ मध्ये 'वसंत लीला' या मूकपटापासून जेबीएच यांनी सुरुवात केली आणि लवकरच ते आपल्या आवडीच्या वाटेला लागले. १९३१ चा त्यांचा 'दिलेर डाकू' हा फेअरबँक्सच्या 'मार्क ऑफ झोरो'चाच देशी अवतार होता. धाकटा भाऊ होमी हाही एव्हाना सोबतीला आला होता.

१९३३ मध्ये दोघा भावांनी काही भागीदारांना घेऊन वाडिया मूव्हिटोन सुरू केली. स्टुडिओसाठी जागा मिळाली ती परळमधल्या वाडियांच्या जुन्या वाड्याची, लवजी कॅसलची. पहिला बोलपट होता 'लाल-ए-यमन'. त्याच्या लेखनासाठी जेबीएच यांनी सोबत घेतलं जोसेफ डेव्हिड यांना. हे पारशी रंगभूमीवरचे मुरलेले नाटककार. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावर बेतलेला होता. 'लाल-ए-यमन'मध्ये गाणारा फिरोज दस्तूर पुढे किराणा घराण्याचा मोठा गवई झाला, हे जाता जाता.

जो सिनेमा कुणालाच नको होता

मेरी इव्हान्स ही मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची. वडील ब्रिटिश सैन्यात, त्यामुळे लहानपणीच भारतात आली. सर्कशीत काम केलं, नृत्याच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरली. वाडियांनी तिला आधी एक-दोन चित्रपटांत छोट्या भूमिका दिल्या आणि प्रेक्षक तिला स्वीकारतायत का, ते पाहिलं. मग १९३५ मध्ये आला 'हंटरवाली'.

कथा जेबीएच यांची, संवाद जोसेफ डेव्हिड यांचे, दिग्दर्शन होमींचं. गोष्ट अगदी साधी. दुष्ट वजीर राजाला कैद करतो, मग राजकन्या मुखवटा लावते, चाबूक उचलते आणि प्रजेच्या बाजूनं लढते. झोरोचीच गोष्ट, फक्त झोरोच्या जागी बाई. पण त्या एका बदलानं सगळा मामला पालटला. तोवर पडद्यावरच्या नायिकेनं रडायचं, सोसायचं आणि कुणीतरी वाचवायला येईपर्यंत थांबायचं, असा शिरस्ता होता. इथं बाईच पुरुषांना खांद्यावर उचलून फेकत होती.

चित्रपटाला सहा महिने लागले आणि खर्च ८० हजार रुपयांच्या घरात गेला. स्टंटपटासाठी ही रक्कम अफाट होती. वितरकांनी हात वर केले. गोरी बाई, आखूड कपडे, हातात चाबूक, हे कोण बघणार? शेवटी वाडियांनी स्वतःच पैसे घालून तो प्रदर्शित केला. आणि तो असा चालला की बाजारात नादियाच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकायला आले.

पण 'बी-ग्रेड' म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आपण आज सर्रास वापरतो, पण त्याचा उगम अमेरिकेतला आहे. १९३० च्या मंदीत तिथल्या थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा, खर्चिक. दुसरा छोटा, स्वस्तातला. पहिल्याच्या कमाईत स्टुडिओला टक्केवारी मिळायची, दुसऱ्यासाठी ठरलेलं भाडं. हा दुसरा चित्रपट म्हणजे 'बी' पिक्चर. म्हणजे मूळ अर्थ निव्वळ हिशेबाचा होता, दर्जाचा नाही.

आपल्याकडे एका तिकिटात दोन चित्रपट ही पद्धत रुजलीच नाही. इथं चित्रपट 'बी' ठरायचा तो कोण बघतं यावरून. सामाजिक चित्रपट, साहित्यावरचे चित्रपट हे शिकलेल्यांचे. मारामारीचे, जादूचे, पौराणिक, पोशाखी चित्रपट हे पिटातल्या पब्लिकचे. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, टांगेवाला आणि जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा बघणारं गावाकडचं माणूस. वर्तमानपत्रात या चित्रपटांची परीक्षणं आली तरी नाक मुरडूनच.

पैशाचं गणित मात्र या पिटावर चालायचं. मोठ्या शहरातल्या चकचकीत थिएटरात सामाजिक चित्रपट काही आठवडे चालून संपायचा. स्टंटपटाची प्रिंट मात्र वर्षानुवर्षं फिरायची. शहरातून तालुक्याला, तालुक्यातून टुरिंग टॉकीजमध्ये. भाषा कळली नाही तरी बिघडत नव्हतं, कारण धावत्या रेल्वेच्या टपावरची मारामारी समजायला भाषा लागत नाही.

लेखनाची पद्धतही त्यामुळे उलटी होती. असा सिनेमा लिहिणारा कथेपासून सुरुवात करू शकत नाही, हाताशी काय सामान आहे त्यापासून करतो. पगारावर नादिया आहे, जॉन कावस नावाचा पिळदार शरीराचा पैलवान आहे, घोडा आहे, मोटार आहे, मागच्या चित्रपटाचा राजवाडा अजून मोडलेला नाही. आता यातून गोष्ट काढा. आणि दर काही मिनिटांनी काहीतरी कोसळलं पाहिजे, उडालं पाहिजे किंवा पेटलं पाहिजे. इंग्रजी साहित्यात एमए केलेला माणूस हे काम करत होता आणि उत्तम करत होता.

त्यातही जेबीएच यांनी एक मेख मारून ठेवली होती. ते राजकीय विचारांचे माणूस होते. आधी काँग्रेसचे समर्थक, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. ब्रिटिश सेन्सॉर तेव्हा स्वातंत्र्याचा उल्लेख असलेला चित्रपट लगेच कापायचं. पण काल्पनिक राज्यातला दुष्ट वजीर आणि त्याच्याविरुद्ध उठलेली प्रजा, याला कात्री कशी लावणार? पिटातल्या पब्लिकला वजीर कोण ते बरोबर कळायचं. 'लुटारू ललना'मध्ये हिंदू-मुस्लिम ऐक्य आलं, १९४० च्या 'डायमंड क्वीन'मध्ये साक्षरता आणि बाईचा हक्क आला. शिकलेल्या वर्गासाठी काढलेल्या कितीतरी सामाजिक चित्रपटांत तेव्हा बाई शेवटी नवऱ्याच्या पाया पडत होती. इकडे 'बी-ग्रेड' म्हणून हिणवलेल्या चित्रपटात बाई गुंडाच्या छातीवर पाय ठेवून भाषण देत होती.

आणि मग आलं जंगल

पण याच जेबीएच यांची एक बाजू आज बघताना खटकते. ती बाजू म्हणजे जंगलपट.

१९३२ मध्ये हॉलिवूडचा जॉनी वाइसमुलरवाला 'टार्झन' आला आणि जगभर धुमाकूळ घातला. १९३७ मध्ये वाडियांनी 'तुफानी टार्झन' आणला. जॉन कावस टार्झन, दिग्दर्शक होमी, गोष्ट जेबीएच यांची. यात टार्झनचा सांभाळ करणारा अर्धा माणूस, अर्धा वानर असा 'दादा' आहे, मोती नावाचा कुत्रा आहे, शहरातून आलेली सुंदर मुलगी आहे. चित्रपट बघायला आजही धमाल आहे, हे मान्य करायला हवं.

यातलं जंगल मात्र धड आफ्रिकेतलं नाही आणि धड भारतातलंही नाही. मूळ टार्झन लिहिणारे एडगर राइस बरोज स्वतः कधी आफ्रिकेत गेले नव्हते. त्यांनी अमेरिकेत बसून आफ्रिका लिहिली, हॉलिवूडनं ती कॅलिफोर्नियात उभी केली आणि तिथून ती परळला आली. सोबत जंगलातली माणसंही आली. अंगाला रंग फासलेली, हातात भाले घेऊन उड्या मारणारी, अगम्य आवाज काढणारी, शहरातल्या मुलीचा बळी द्यायला निघालेली टोळी. ही टोळी पुढं कित्येक दशकं हिंदी सिनेमात नाचत राहिली.

आता हेच साल घेऊन मुंबईपासून शेकडो किलोमीटर पूर्वेला जाऊ. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड, हेमलकसा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. १९३७ मध्ये हा भाग मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळचं घनदाट जंगल. महाराष्ट्रात खरंखुरं जंगल दाखवायचं तर यापेक्षा योग्य जागा नाही.

या जंगलात राहणारे माडिया गोंड अगम्य आवाज काढत नव्हते. ते माडिया बोलत होते, जी द्रविड भाषाकुळातली आहे, म्हणजे तेलुगूची नातेवाईक. ते जंगलाचा तुकडा साफ करून, जाळून त्यावर पेंडा पद्धतीची फिरती शेती करत होते. मोहाची फुलं गोळा करत होते. गावातल्या गोटुलात एकत्र जमत होते, रेला नाचत होते. कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकतं, याचे गोत्रांनुसार काटेकोर नियम त्यांच्याकडे होते. आणि हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, असंही नाही. बस्तर संस्थानात प्रशासक राहिलेल्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं माडियांवरचं जाडजूड पुस्तक १९३८ मध्येच प्रसिद्ध झालं. 'तुफानी टार्झन' आल्याच्या दुसऱ्याच वर्षी.

म्हणजे माहिती होती, पण सिनेमाला ती नको होती. त्याला बळी देणारी टोळी हवी होती, कारण टार्झननं मुलीला कुणापासून तरी वाचवायला हवं. जातपात, धर्म, बाईमाणूस या सगळ्यांत समतेच्या बाजूनं उभं राहणाऱ्या लेखकाला जंगलातला माणूस मात्र माणूस म्हणून दिसला नाही. त्या काळात कुणालाच दिसत नव्हता, असं म्हणून हे झटकून टाकता येत नाही. ज्यानं नायिकेचा साचा मोडला, त्याला हाही साचा मोडता आला असता.

आणि साचा टिकाऊ निघाला. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला गेले, तेव्हा ना धड रस्ता होता, ना वीज. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. माडिया गोंड हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहेत. पण गडचिरोली म्हटलं की आजही अनेकांच्या डोक्यात आधी भालेवाली टोळीच येते. ती गडचिरोलीतून आलेली नाही, स्टुडिओतून आलेली आहे.

नाव हवं होतं, पैसा नाही

परत परळला येऊ. जेबीएच यांच्याकडे पैसा होता, पिटाचं प्रेम होतं. नव्हता तो मान. आणि त्यांना तो हवा होता.

१९३७ मध्येच त्यांनी 'नौजवान' काढला. एकही गाणं नसलेला भारतातला पहिला बोलपट. गाणी का नाहीत, हे सांगण्यासाठी चित्रपटाच्या सुरुवातीला प्रेक्षकांची समजूत काढणारं निवेदन जोडावं लागलं. तरी तो पडला. मग १९४१ मध्ये त्यांनी मोठी उडी मारली. साधना बोस यांना घेऊन 'राजनर्तकी'. मणिपूरची पार्श्वभूमी, शास्त्रीय नृत्य, आणि हिंदी, बंगाली, इंग्रजी अशा तीन भाषा. इंग्रजी आवृत्तीचं नाव 'कोर्ट डान्सर'. हंटर नाही, घोडा नाही, रेल्वेचा टप नाही.

इथंच दोन भावांची वाट वेगळी झाली. जेबीएच यांना दर्जेदार, विचारांचे चित्रपट करायचे होते. होमींना वाटत होतं की जे चालतंय तेच करावं, आणि नादियाला सोडायचा तर त्यांच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. ते तिच्या प्रेमात होते. (दोघांचं लग्न मात्र थेट १९६१ मध्ये झालं.) होमी बाहेर पडले आणि १९४२ मध्ये त्यांनी बसंत पिक्चर्स सुरू केली. त्याच वर्षी परळचा स्टुडिओ शांतारामांकडे गेला आणि लवजी कॅसलचं राजकमल झालं. वर्षभरात तिथून 'शकुंतला' बाहेर पडला.

होमींनी १९४३ मध्ये काय काढलं? 'हंटरवाली की बेटी'. चालला. त्या पैशातून पुढं चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला. १९५० च्या दशकात या स्टुडिओनं पौराणिक आणि जादूच्या चित्रपटांचा रतीबच घातला. 'श्री गणेश महिमा', 'हनुमान पाताल विजय', 'अलादीन और जादुई चिराग'. या तिन्हींची नायिका कोण, तर मीना कुमारी. 'बैजू बावरा'नं ती मोठी होण्याआधी तिचं घर चाललं ते याच 'बी-ग्रेड' चित्रपटांवर. १९५६ चा 'हातिमताई' तुफान चालला. १९५८ मध्ये 'झिंबो' आला, म्हणजे टार्झनच नाव बदलून, आणि पुन्हा तेच जंगल. १९६१ चा 'संपूर्ण रामायण' बाबूभाई मिस्त्रींनी दिग्दर्शित केला. काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून ट्रिक सीन करायचे म्हणून या बाबूभाईंना 'काला धागा' म्हणायचे.

थोडक्यात, 'बी'मध्ये राहिलेला भाऊ आणखी तीसेक वर्षं धंद्यात टिकला.

ही गोष्ट वाडियांपुरतीच नाही. आपले भगवानदादा बघा. अमरावतीत जन्मलेला, गिरणी कामगाराचा मुलगा. १९३८ पासून एकामागून एक स्वस्तातले स्टंटपट काढले, कामगारांनी डोक्यावर घेतले, आणि त्या पैशावर चेंबूरलाच जागृती स्टुडिओ उभा केला. राज कपूरनं सांगितलं की एखादा सामाजिक चित्रपट काढ. १९५१ मध्ये 'अलबेला' आला, सी. रामचंद्रांच्या गाण्यांनी देश वेडा झाला. पण मारामारीच्या चित्रपटांची ती जुनी, कमी खर्चाची, हमखास वाट एकदा मागं पडली आणि नंतरचे चित्रपट चालले नाहीत. स्टुडिओ गेला, जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. २००२ मध्ये दादरच्या चाळीत त्यांचं निधन झालं.

जेबीएच यांचं इतकं वाईट झालं नाही. वाडिया मूव्हिटोनचं नाव त्यांनी चालू ठेवलं. १९४८ चा दिलीप कुमार-नर्गिसचा 'मेला' याच बॅनरचा. १९५१ मध्ये त्यांनी मीना कुमारीला घेऊन 'मदहोश' दिग्दर्शित केला. पण परळच्या दिवसांतला तो धडाका परत आला नाही.

१९९३ मध्ये रियाद विन्ची वाडिया या घरातल्याच तरुण दिग्दर्शकानं 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट काढला आणि जगभरातल्या अभ्यासकांचं लक्ष या चित्रपटांकडे गेलं. ज्यांना एकेकाळी परीक्षणात चार ओळी मिळत नव्हत्या, त्यांच्यावर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जाऊ लागले. 'राजनर्तकी'चं नाव आज निघतं ते नृत्याच्या किंवा इंग्रजी चित्रपटाच्या इतिहासात. 'हंटरवाली', 'मिस फ्रंटियर मेल', 'डायमंड क्वीन' आणि 'तुफानी टार्झन' यांवर मात्र अजूनही वाद घातले जातात.

हे बघायला जेबीएच नव्हते. १९८६ मध्ये ते गेले. त्याआधी तीन वर्षं त्यांचं एक पुस्तक आलं होतं. ते नादियावर नव्हतं, सिनेमावरही नव्हतं. ते होतं मानवेंद्रनाथ रॉय यांच्यावर.